मांजराच्या ट्रेमधला पिवळा थर घासून निघत नाहीये, काय करू?

सुदामानगर_इंदूर | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमचा गोटू चार वर्षांचा बोका, नसबंदी झालेली. त्याचा शी-शूचा ट्रे प्लास्टिकचा, राखाडी रंगाचा, बाथरूमच्या दाराशी असतो. गोटूची जागा ठरलेली आहे: मागचा डावा कोपरा, अगदी भिंतीला टेकून. त्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीचा पिवळट-तपकिरी थर बसलाय. नखानं खरवडला तर थोडी पांढरी पूड निघते, पण थर जागचा हलत नाही. हात लावला तर जुन्या बंबाच्या आतल्या बाजूसारखा खरखरीत लागतो.

आतापर्यंत भांड्यांची पावडर, तारेची घासणी, खायचा सोडा आणि शेवटी फिनाइल, सगळं करून झालं. फिनाइलनं दोन तास बरं वाटलं, मग फिनाइल आणि मुताचा दर्प असा मिळून काहीतरी तिसराच वास यायला लागला.

खरी काळजी वेगळी आहे. चार दिवसांपासून गोटू ट्रेच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवतो, हुंगतो आणि परत फिरतो. काल पायपुसण्यावर केली, आज सासूबाईंच्या सतरंजीवर. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, धुण्याधाण्याला बोअरिंगचं वापरतो. त्यानं काही फरक पडतो का? जाणकारांनी सांगावं.

ठाणेकर_माऊ | शनिवार, रात्री १०.०५

फिनाइल आधी बंद करा, आजच. ट्रे चार-पाच पाण्यानं धुवा. गोटू त्यात पाय ठेवतो आणि मग तेच पाय चाटतो. फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत, कारण त्यासाठी माणसाकडे किंवा कुत्र्याकडे जी यंत्रणा असते ती मांजरात फार कमकुवत आहे. काळं फिनाइल, पांढरं फिनाइल, दुधाळ होणारं अँटिसेप्टिक, सगळं यातच आलं. पांढऱ्या फिनाइलमधलं पाइन तेलही मांजराला बाधतं.

आणि वास मारायला कुणी कापूर किंवा डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. दोन्ही मांजराला विषारी आहेत.

छत्रीबाग | शनिवार, रात्री १०.२०

सुदामानगर ताई, आपण शेजारीच. नवीन ट्रे घ्या हो, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तारेच्या घासणीनं घासलेला ट्रे कधीच स्वच्छ होत नाही. ओरखड्यांत लघवी शिरून बसते.

सुदामानगर_इंदूर | शनिवार, रात्री १०.३२

@ठाणेकर_माऊ, हे मला माहीतच नव्हतं. आत्ता उठून धुऊन आले. मनापासून आभार.

@छत्रीबाग, नवीन घेईनही. पण थर कशाचा आहे आणि कशानं जातो हे कळलं नाही तर सहा महिन्यांनी नव्या ट्रेचंही हेच होणार ना?

लष्कर_ग्वाल्हेर | रविवार, सकाळी ७.१५

ताईंचा प्रश्न बरोबर आहे. मी शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी तीन मांजरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मांजराची लघवी फार घट्ट असते. त्यांचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, कमी पाण्यावर जगणारे, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. त्या लघवीत यूरिया भरपूर. ट्रेमधले जिवाणू यूरियाचं विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. नाकात झोंबतो तो हाच. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेला की ही क्रिया इतकी जोरात चालते की सकाळचा ट्रे दुपारी सहन होत नाही.

आता थराचं. अमोनियामुळे साचलेली लघवी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी द्रवात मॅग्नेशियम आणि फॉस्फेट विरघळून राहू शकत नाहीत, ते अमोनियाबरोबर स्फटिक होऊन खाली बसतात. त्या खनिजाला स्ट्रूव्हाइट म्हणतात. जोडीला कॅल्शियमचे फॉस्फेट असतातच. तुमच्या बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार वरून भर घालतात, साबण त्या पाण्यात फाटतो आणि त्याची चिकट साय त्याच कोपऱ्यात बसते. म्हणजे ज्याला आपण मळ समजून घासतोय तो मळ नाही, दगड आहे. केटलीत किंवा गीझरच्या कॉइलवर बसतो त्याचा भाऊबंद.

भांड्यांची पावडर, साबण, सोडा हे सगळे अल्कधर्मी. ज्या परिस्थितीत थर तयार झाला तीच तुम्ही त्याला पुन्हा देताय. त्याला आम्ल लागतं. साधं व्हिनेगर किंवा त्याहून चांगलं म्हणजे सायट्रिक ॲसिड. आणि वेळ. हाताचा जोर लागत नाही.

दांडियाबाजार_बडोदे | रविवार, सकाळी ८.४०

काका, मी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकते. छान फेस येतो आणि डाग सुटल्यासारखा वाटतो. ते चुकीचं आहे का?

लष्कर_ग्वाल्हेर | रविवार, सकाळी ९.००

फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, मागे उरतं जवळजवळ मिठाचं पाणी. थर विरघळवायला आम्ल उरतच नाही. आधी नुसतं आम्ल, मग स्वच्छ पाणी. सोडा वापरायचाच असेल तर ट्रे कोरडा झाल्यावर मातीखाली (ट्रेमध्ये घालतो ती, कॅट लिटर) चिमूटभर भुरभुरवा, वास थोडा धरून ठेवतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. कपडे पांढरे करायचं ब्लीच या कामात आणू नका. ट्रेमधल्या अमोनियाशी ते मिसळलं तर क्लोरामाइनचा वायू होतो, व्हिनेगर किंवा सायट्रिकशी मिसळलं तर क्लोरीन. बंद बाथरूममध्ये वाकून ट्रे घासणाऱ्याच्या थेट छातीत जातो. टॉयलेटच्या निळ्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. थर त्यानं झटकन जाईल, पण ते मांजराच्या पायाशी आणायची वस्तू नव्हे.

छत्रीबाग | रविवार, सकाळी ९.३०

इंदूरकरांसाठी: सायट्रिक ॲसिड शोधत मेडिकलमध्ये फिरू नका. किराणा दुकानात 'निंबू का सत' किंवा टाटरी म्हणून मागा, ढोकळ्यात घालतात तेच. सियागंजात सुटं, वजनावर मिळतं. टाटरी म्हणून कुणी टार्टरिक ॲसिड देतो, तेही चालेल ना काका?

लष्कर_ग्वाल्हेर | रविवार, सकाळी ९.४२

उत्तम चालेल. चिंचेत असतं ते तेच.

सुदामानगर_इंदूर | रविवार, दुपारी १२.१०

काका, तुमचा शेवटचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस मला का नाही विचारलंस? देवाची तांब्याची भांडी मी पन्नास वर्षं कशानं घासतेय?" आणि उठून मागच्या वर्षीची काळी पडलेली चिंच भिजत घातली. सतरंजीवरून रागावलेल्या होत्या, आता त्याच कामाला लागल्यात.

टाटरीही आणली. प्रमाण सांगाल का?

लष्कर_ग्वाल्हेर | रविवार, दुपारी १२.३०

एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे. उकळतं पाणी नको. गरम द्रावणात कॅल्शियमचं सायट्रेट पुन्हा खाली बसायला बघतं, शिवाय स्वस्त प्लास्टिक वाकतं. हातमोजे घाला, तारेनं आधीच खरचटलेल्या बोटांना झोंबेल.

कोपऱ्याचा थर उभ्या भिंतीवर असतो, तिथे पाणी टिकत नाही. म्हणून जुन्या सुती कापडाचा तुकडा द्रावणात भिजवून भिंतीला चिकटवा.

ठाणेकर_माऊ | रविवार, दुपारी १.००

काकांच्या म्हणण्याला अनुमोदन. ट्रे भिजत असताना गोटूला दुसरी सोय करून द्या, नाहीतर सतरंजीची सवय लागेल. घमेलं किंवा जुना टब घ्या, त्यात वर्तमानपत्र फाडून टाका. आणि सतरंजी नुसती साबणानं धुऊन भागणार नाही, युरिक आम्ल त्यात राहतं आणि दमट हवेत वास परत येतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आतपर्यंत ओलं होईल इतकं ओता आणि रात्रभर आपणहून वाळू द्या. घाईनं पुसलंत तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा कुणाकडे असेल तर अंधारात लावून बघा. आपल्याला न दिसलेले डाग चमकतात. मला सोफ्याच्या मागे तीन सापडले होते.

सुदामानगर_इंदूर | रविवार, संध्याकाळी ७.२०

करून पाहिलं, सगळं लिहिते.

ट्रेची पुढची बाजू विटेवर ठेवून ट्रे मागे कलता केला, म्हणजे द्रावण त्याच डाव्या कोपऱ्यात साचेल. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा टाटरीच्या पाण्यात भिजवून भिंतीवर लावला आणि तो वाळू नये म्हणून वर पॉलिथिन. दोन तासांनी कापड उचललं तर पिवळं झालेलं, आणि थराच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे. तारेची घासणी हातातही घेतली नाही. आइसक्रीमची लाकडी काडी कडेखाली सरकवली, तर जवळपास अंगठ्याएवढा पापुद्रा अख्खा सुटून आला. खालचा राखाडी रंग दिसल्यावर मला किती बरं वाटलं सांगता येत नाही. दीड वर्षात तो रंग पाहिला नव्हता.

उरलेल्यावर पुन्हा दोन तास. ज्या पट्ट्यावर सासूबाईंनी चिंच लावली होती तोही सुटला, फक्त वेळ जास्त लागला आणि चोथा धुवायला त्रास झाला. तळाला अजून पिवळट छटा आहे, हाताला मात्र गुळगुळीत लागते.

लष्कर_ग्वाल्हेर | रविवार, रात्री ८.००

शाब्बास. ती छटा प्लास्टिकमध्ये मुरलेली आहे, तिच्यामागे लागू नका. एक चाचणी करा: ट्रे स्वच्छ धुऊन वाळवा, मग त्यात एक मग गरम पाणी ओता आणि वाफेला नाक लावा. थर राहिला असेल तर उष्णतेनं वास वर येतो. वास नसेल तर ट्रे स्वच्छ, रंग काहीही असो.

आणि टाटरी नीट धुऊन काढा. आंबट वास मांजराला आवडत नाही.

बडवाली_चौकी | रविवार, रात्री ८.४५

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे सून गरोदर आहे आणि दोन मांजरं आहेत. शेजारचे लोक मांजरं सोडून द्या म्हणतात.

महू_पशुवैद्यक_विद्यार्थी | रविवार, रात्री ९.१०

काकू, सोडायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती असते, तो काही मांजरांच्या शीतून बाहेर पडतो. पण त्याची अंडी बाहेर पडल्याबरोबर बाधत नाहीत, त्यांना १ ते ५ दिवस लागतात. म्हणून शी रोजच्या रोज काढायची आणि ते काम सुनेनं न करता दुसऱ्या कुणी करायचं. ट्रे उकळत्या पाण्यानं धुवा. ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत, उष्णतेनं मरतात. मांजरांना कच्चं मांस देऊ नका, त्यांना बाहेर शिकार करू देऊ नका. सुनेच्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे सांगून ठेवा.

@सुदामानगर_इंदूर, तुमचा धागा वरपासून वाचला. एक विचारायचं आहे. गोटू ट्रेकडे जाऊन परत फिरतो म्हणालात. दिवसातून किती वेळा? आणि प्रत्येक वेळी लघवी पुरेशी होते का?

सुदामानगर_इंदूर | रविवार, रात्री ९.५०

तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता टब पाहून आले. फाडलेल्या वर्तमानपत्रावर रुपयाएवढे पाच-सहा ओले ठिपके आहेत. एका ठिपक्याची कड फिकट गुलाबी दिसतेय. मातीत हे कधी दिसलंच नसतं. दुपारपासून चार-पाच वेळा बसला असेल. हे काय आहे?

महू_पशुवैद्यक_विद्यार्थी | रविवार, रात्री ९.५५

गुलाबी म्हणजे बहुधा रक्त. थोडी थोडी का होईना, लघवी होतेय, म्हणजे मार्ग उघडा आहे. पण बोक्याची मूत्रनळी अरुंद असते आणि ती बंद पडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्रभर लक्ष ठेवा. तो बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि एक थेंबही येत नाहीये असं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टरांना उठवा. तसं नसेल तर सकाळी पहिल्या वेळेला न्या. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला.

मांजर ट्रे टाळतं तेव्हा दोन कारणं असू शकतात. एक, ट्रे घाण आहे. दुसरं, तिथे बसल्यावर दुखतं आणि ते दुखणं तो ट्रेशी जोडतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

ठाणेकर_माऊ | रविवार, रात्री १०.१०

ताई, काळजी घ्या. पाण्याची दोन-तीन वाटगी जास्तीची ठेवा, ट्रेपासून लांब.

सुदामानगर_इंदूर | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

काल लिहायला जमलं नाही. रात्री सासूबाई आणि मी आळीपाळीनं जागलो. लघवी होत राहिली, थोडी थोडी. सकाळी नऊला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी पोट हातानं दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, लघवीचा नमुना घेतला. खडा नाही, नळी बंद नाही. मूत्राशयाला सूज आहे आणि लघवीत स्फटिक दिसले. नाव ऐकून मी दचकले: स्ट्रूव्हाइट. काकांनी ट्रेच्या थराचं जे नाव सांगितलं तेच.

सूज आणि दुखणं कमी व्हायचं औषध दिलंय, आणि महिनाभर फक्त त्यांनी सांगितलेलं ओलं खाणं. कोरडे दाणे बंद. आज ठिपके मोठे झालेत, गुलाबी दिसलं नाही.

@महू_पशुवैद्यक_विद्यार्थी, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर मी ट्रे चकाचक करून समाधानानं झोपले असते. तुमचे उपकार विसरणार नाही.

एक शंका: ट्रेवर थर बसत होता ती आजाराची खूण होती का? दीड वर्षं मी ती बघत होते.

महू_पशुवैद्यक_विद्यार्थी | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

नाही ताई, स्वतःला दोष देऊ नका. ट्रेवर थर निरोगी मांजराचाही बसतो, कारण काकांनी सांगितलं तसं बाहेर पडल्यावर अमोनियामुळे लघवी अल्कधर्मी होतेच. आत, मूत्राशयात स्फटिक होणं ही वेगळी गोष्ट आहे. लघवी घट्ट राहिली, पाणी कमी गेलं की शक्यता वाढते. थरावरून आजार ओळखता येत नाही. ओळखायचा तो ठिपक्यांचा आकार, संख्या आणि रंग यांवरून. आठवड्यातून एक दिवस कागदावर किंवा पांढऱ्या कापडावर करू द्या आणि बघा.

छत्रीबाग | मंगळवार, रात्री ८.००

गोटूला बरं वाटतंय वाचून जीव भांड्यात पडला.

जुन्या मातीबद्दल एक सांगायचं होतं. मातीचे गोळे कचरागाडीत ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. ट्रेमधली ही बेंटोनाइटची (ओली झाली की फुगून गोळा होणारी) माती कुजत नाही, ती तिथे नुसती अडचण करते. मी कागदात गुंडाळून सॅनिटरीच्या खान्यात देतो. संडासातही टाकू नका, माती फुगते आणि पाइप बसतो.

दांडियाबाजार_बडोदे | बुधवार, सकाळी १०.२०

मी आता स्टीलचा ट्रे घ्यायचा विचार करतेय. बडोद्याच्या पावसाळ्यात प्लास्टिक कितीही धुतलं तरी वास राहतोच. कुणी वापरलाय का? स्टीलवर थर बसत नाही का?

लष्कर_ग्वाल्हेर | बुधवार, सकाळी ११.००

बसतो, पण मुरत नाही, आणि ओरखडे कमी पडतात. ३०४ दर्जाचं स्टील घ्या. २०२ चं स्वस्त असतं, पण लघवीतल्या मिठानं त्यावर गंजाचे ठिपके येतात. टॉयलेटचं निळं लिक्विड स्टीलवर तर अजिबात नको, क्लोराइड स्टील खातं. पंधरा दिवसांनी अर्धा तास टाटरीचं पाणी, बस. थर कोवळा असतानाच जातो.

सुदामानगर_इंदूर | शनिवार, सकाळी ११.१५

एक आठवडा झाला म्हणून लिहिते. बर्तन बाजारातून केटरिंगवाले वापरतात तसा खोल स्टीलचा ट्रे आणला. माती आता तीन बोटं उंच घालते, आधी दीडच बोट असायची, म्हणूनच लघवी थेट तळाला जाऊन बसायची. गोळा ओला असताना खरवडत नाही, तासाभरानं घट्ट झाला की अख्खा उचलला जातो. ट्रे भिंतीला टेकवून न ठेवता वीतभर पुढे ओढलाय.

गोटू पहिल्या दिवशी स्टीलमध्ये गेलाच नाही. पाय ठेवला की आवाज व्हायचा आणि तो मागे सरायचा. सासूबाईंनी खाली जुनी गोधडी चौपट घडी करून घातली. आवाज बंद झाला, दुपारी गेला. परत त्याच डाव्या कोपऱ्यात. गोळा पुरता मुठीएवढा होता.

दांडियाबाजार_बडोदे | शनिवार, सकाळी ११.४०

किती बरं वाटलं! ट्रे किती मोठा घेतलात? माझा बोका सहा किलोचा आहे.

सुदामानगर_इंदूर | शनिवार, दुपारी १२.०५

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्याच्या दीडपट लांब घ्या. गोटू अठरा इंच भरला, म्हणून मी सत्तावीस इंची शोधत होते. तेवढा तयार मिळाला नाही, एका भांडेवाल्याकडून करून घेतला. कडा आत वळवून घ्या म्हणावं, धार लागत नाही.